राणीछाप रुपया आणि धार-देवासचे तांबे

मराठीत रुपयाला जितकी विशेषणे चिकटली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या वस्तूला चिकटली असतील. बंदा, खणखणीत, हाली, कलदार, चेहरेशाही, राणीछाप. ही विशेषणे शोभेची नव्हेत. सराफाच्या पेढीवर किंवा आठवड्याच्या बाजारात नाणे हातात घेणाऱ्याला ज्या ज्या शंका येत, त्या प्रत्येक शंकेचे उत्तर म्हणून एकेक विशेषण जन्मास आले. बंदा म्हणजे न मोडलेला, अखंड रुपया. खणखणीत म्हणजे दगडावर आपटून वाजवून घेतलेला. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. कलदार म्हणजे हातोड्याने नव्हे तर कलेने, अर्थात यंत्राने पाडलेला, आणि म्हणून कडेला सारखे कंगोरे असलेला. शेवटच्या दोन शब्दांत मात्र धातूची, वजनाची वा नादाची चौकशी नाही. चेहरेशाही आणि राणीछाप हे शब्द नाण्यावर कोणाचे मुख आहे एवढेच सांगतात. नाण्याची ओळख मुखावरून पटावी ही गोष्ट आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु ज्या माळव्यात हे शब्द रुळले, त्या माळव्याला शेकडो वर्षे नाण्यावर मुख पाहण्याची सवयच उरली नव्हती.

प्रस्तुत लेखात आम्हांस या राणीछाप रुपयाविषयी लिहावयाचे आहे, आणि तेही धार व देवास या पवारांच्या संस्थानांच्या अनुषंगाने. या संस्थानांच्या नावाची १८८७ व १८८८ सालची नाणी संग्राहकांच्या परिचयाची आहेत. त्यांचा उल्लेख बहुधा ‘संस्थानची स्वतःची नाणी’ असा अभिमानपूर्वक केला जातो. हा अभिमान कितपत साधार आहे याचा विचार त्याच काळच्या चांदीच्या रुपयाशेजारी ती नाणी ठेवून केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम रुपयाच पाहू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा. ऐंशी रुपयांच्या भाराचा शेर होई, आणि वैद्याच्या मात्रेत काय किंवा घरच्या मसाल्यात काय, ‘रुपयाभार’ हा शब्द वजनाचे माप म्हणून वावरू लागला तो याच नाण्याच्या जोरावर. त्या पहिल्या रुपयावर राजा चौथा विल्यम याचे मुख होते. १८३७ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली आणि १८४० पासून रुपयावर तिचे मुख दिसू लागले. विल्यम वायन या ख्यातनाम ठसेकाराच्या हातचे ते तरुण मुख आहे. मस्तकावर मुकुट नाही, केस पट्टीने बांधलेले आहेत, आणि पाठीवर कंपनीचे नाव आहे. १८५८ साली कंपनीचा कारभार संपला. १८६२ च्या रुपयावर राणी मुकुट घालून, भरजरी वेशात अवतरली आणि पाठीवरच्या कंपनीच्या नावाच्या जागी ‘इंडिया’ हा शब्द आला. १८७७ पासून ‘क्वीन’ ही पदवी जाऊन ‘एम्प्रेस’ ही आली. १९०१ च्या जानेवारीत राणी निवर्तली तोवर हाच ठसा चालू राहिला.

येथे दोन गोष्टी शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे नाण्यावरचे साल हे नेहमीच ते पाडल्याचे साल नसते. १८४० हे साल घालून पुढे १८६१ पर्यंत रुपये पाडले जात होते, आणि १८६२ चा आकडा १८७३ पर्यंत तसाच ठेवला होता. १८७४ पासून प्रतिवर्षी साल बदलू लागले. यामागे सराफांची जुनी खोड होती. नवा सन लागला की गतवर्षीच्या रुपयावर ते बट्टा कापीत. तो कापता येऊ नये म्हणून कंपनीने बंगालमध्ये शाहआलमच्या एकोणिसाव्या सनाचा शिक्का वर्षानुवर्षे तसाच ठेवला होता, आणि तीच सावधगिरी पुढे राणीच्या रुपयातही उतरली. दुसरी गोष्ट अशी की, इंग्लंडातील नाण्यांवर राणी वयानुसार बदलत गेली. १८८७ मध्ये तेथे नवे मुख आले, १८९३ मध्ये वृद्धेचे मुख आले. हिंदुस्थानच्या रुपयावर मात्र बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची राणी तिच्या एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत तीच राहिली. ती कधी या देशात आली नाही. येथील असंख्य लोकांनी तिला पाहिले ते याच मुखात, आणि त्या मुखाला वार्धक्य नव्हते.

याहूनही महत्त्वाची बाब लिपीची आहे. कंपनीच्या रुपयाच्या पाठीवर इंग्रजीबरोबर ‘यक रुपिया’ ही फारसी अक्षरे होती. १८६२ मध्ये ती गेली. सातव्या एडवर्डच्या रुपयावर ती परत आली, पण मधल्या चाळीस वर्षांत राणीच्या रुपयावर या देशातील कोणत्याही लिपीचे एकही अक्षर नव्हते. माळव्यातल्या शेतकऱ्याला फारसी तरी कोठे वाचता येत होती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. तथापि गावात एखादा मुनशी, एखादा सराफ, एखादा दफ्तरदार फारसी जाणणारा असे. इंग्रजी वाचणारा मात्र १८६२ साली धारच्या किंवा देवासच्या बाजारात शोधूनही विरळाच सापडला असता. वाचता येण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा लोकांनी चेहरा वाचला. ‘राणीछाप’ हा शब्द या निरुपायातून आलेला आहे, भक्तीतून नव्हे, असे आम्हांस वाटते.

नाण्यावर राजाचे मुख ही कल्पना माळव्याला अगदीच परकी होती असे मात्र नाही. देवासहून उज्जैन काही कोसांवरच आहे, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्या उज्जैनीत चष्टन व रुद्रदामन यांच्या वंशाची सत्ता होती. या पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी लहानशी आहेत. दर्शनी बाजूवर मिशा असलेला, मानेवर केस रुळणारा राजा असतो आणि भोवती ग्रीक अक्षरांची केवळ नक्कल असते. पाठीवर तीन कमानींचा पर्वत, नदी व चंद्रतारे, आणि सभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव व दोघांच्या पदव्या. पुढे पुढे मस्तकामागे शकवर्षही येऊ लागले, त्यामुळे अभ्यासकाला याहून उपकारक नाणी प्राचीन भारतात थोडीच. येथे चेहरा आहे, परंतु अक्षरही आहे. ग्रीक अक्षर निरर्थक झाले तरी ब्राह्मीने आपले काम सोडले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य घेतले आणि त्यांच्याच नाण्याच्या धर्तीवर गरुडाचे चिन्ह घालून आपली चांदीची नाणी पाडली.

असे मुख म्हणजे सत्ता, ही जाणीव त्या काळी किती तीव्र होती याचे प्रमाण महाराष्ट्रातच सापडले आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सारी नाणी नहपान क्षत्रपाची. परंतु त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. शत्रूची चांदी चालेल, शत्रूचा चेहरा तसाच चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

नंतरचा प्रवास उताराचा आहे. इराणच्या सासानी राजांचे रुपेरी नाणे हूणांबरोबर या देशात आले, आणि गुजरात, राजस्थान, माळवा या टापूत शतकानुशतके त्याची नक्कल होत राहिली. प्रत्येक नकलेगणिक राजाचे मुख झिजत गेले. नाक म्हणजे एक रेघ, डोळा म्हणजे एक ठिपका, आणि पाठीवरचे अग्निकुंड म्हणजे रेघांचा व ठिपक्यांचा पुंजका. चांदीही हिणकस झाली. या नाण्यांना गधैया म्हणतात, आणि लोकांनी त्यांचा संबंध उज्जैनीच्या गर्दभिल्ल राजाच्या कथेशी जोडून टाकला. भोजाच्या धारेत व्यवहार होत होता तेव्हाही पश्चिम हिंदुस्थानात ही मुख हरवलेली नाणी चालत होती. त्यानंतर सुलतानांच्या व मोगलांच्या अमदानीत नाणे पूर्णपणे अक्षरांचे झाले. जहांगीरने आपल्या मुखाच्या मोहरा काढल्या, पण तो अपवादच.

मराठ्यांनी हीच अक्षरांची परंपरा पुढे चालविली. शिवरायांच्या होनावर व शिवराईवर मुख नाही, देवनागरी अक्षरे आहेत. उत्तरेत गेलेल्या सरदारांनी दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावर कायम ठेवले, परंतु त्यात आपली खूण घालावयास ते विसरले नाहीत. माहेश्वरच्या टाकसाळीत पडलेला अहल्याबाईंचा रुपया पाहावा: नाव शाहआलमचे, आणि त्याच अक्षरांच्या दाटीत शिवलिंग व बेलाचे पान. नाव दिल्लीचे असले तरी राज्य कोणाचे हे बेलाच्या पानाने कळे. गंमत अशी की, कंपनीच्या कलकत्त्याच्या रुपयावरही १८३५ पर्यंत त्याच शाहआलमचे नाव होते. तो बिचारा १८०६ सालीच वारला होता. अशा नाण्यात लटकेपणा पुष्कळ होता, पण खऱ्या धन्यासाठी एक कोपरा मोकळा सोडलेला असे. राणीच्या रुपयात तो कोपरा बुजला.

आता धार-देवासकडे वळू. बाजीरावांच्या वेळच्या माळव्याच्या मोहिमांतून पवार घराण्याच्या शाखा येथे स्थिरावल्या. आनंदरावांचे घराणे धारेत आणि तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंची दोन घराणी देवासात. प्राचीन परमारांशी आपले नाते हे पवार सांगत आले, त्यामुळे धारेच्या गादीला भोजाच्या स्मृतीचे वलय होते. १८१८ च्या डिसेंबरात देवासच्या दोन्ही पात्यांनी आणि १८१९ च्या जानेवारीत धारने कंपनीशी तह केले. व्हिक्टोरियाचा जन्म त्या १८१९ सालच्याच मे महिन्यातला. म्हणजे जिचे मुख पुढे येथील बाजारात फिरावयाचे होते तिच्या जन्मापूर्वीच ही संस्थाने इंग्रजांच्या आश्रयाखाली गेली होती.

देवासची कथा तर जगावेगळी. एकच गाव, दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती यांचे मुलूख व कारभार निरनिराळे. गावातील हमरस्त्याच्या अलीकडे एका राजाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने या दरबारावर पुढे १९५३ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले, ते देवासच्या देवीच्या टेकडीचे नाव घेऊन.

धारवर १८५७ ने मोठे संकट आणले. त्या वर्षी राजे आनंदराव हे अल्पवयीन होते. ऑक्टोबरात इंग्रज फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि संस्थान खालसा केले. १८५८ च्या नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा निघाला, त्यात संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याची ग्वाही होती. १८६० मध्ये धार आनंदरावांना परत मिळाले, पण बेरसिया परगणा वगळून. तो भोपाळला देण्यात आला. जे राज्य एकदा गेले आणि उणे होऊन परत आले, त्याच राज्याच्या नाण्याचा प्रश्न आपण पाहत आहो हे विसरता कामा नये.

१८७६ मध्ये सरकारने देशी संस्थानांच्या नाण्यांविषयी कायदा केला. त्याचे सार असे: संस्थानाने आपला धातू सरकारी टाकसाळीकडे पाठवावा, तेथे सरकारी वजनाची व कसाची नाणी पाडून मिळतील, आणि ती ब्रिटिश मुलुखातही कायदेशीर चलन ठरतील. मोबदल्यात संस्थानाने स्वतःची टाकसाळ तीस वर्षे बंद ठेवावी. नाण्याच्या दर्शनी बाजूवर राणीचे मुख राहील, संस्थानाचे नाव पाठीवर येईल. हिंदुस्थानातील शेकडो संस्थानांपैकी हा सौदा अगदी थोड्यांनी पत्करला. अलवार व बिकानेर यांनी चांदीचे रुपये पाडून घेतले आणि पाठीवर आपल्या महाराजांची नावे घातली. धार व देवास यांनी घेतले ते केवळ तांबे.

१८८७ साली, म्हणजे राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, कलकत्त्याच्या टाकसाळीत धारसाठी पाव आणा, अर्धा पैसा व आण्याचा बारावा भाग अशी तीन नाणी पडली. १८८८ मध्ये देवासच्या दोन्ही पात्यांसाठी पाव आणा आणि आण्याचा बारावा भाग ही नाणी निघाली. दर्शनी बाजूवर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. पाठीवर इंग्रजीत किंमत, साल आणि संस्थानाचे नाव. राजाचे नाव नाही, पवारांचे चिन्ह नाही, नागरीचे अक्षर नाही. देवासच्या दोन नाण्यांत भेद काय तो पाती दाखविणाऱ्या इंग्रजी अक्षराचा. ज्या गावात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये होती, तेथे दोन्ही बाजूंच्या पैशावर चेहरा एकाच बाईचा होता, आणि आपला पैसा कोणता व पलीकडचा कोणता हे सांगणारे अक्षर गावकऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाचता येत होते.

तेव्हा या नाण्यांस ‘संस्थानची स्वतःची नाणी’ म्हणणे आम्हांस रुचत नाही. टाकसाळीचा हक्क हे राजत्वाचे जुने लक्षण, आणि तो हक्क तीस वर्षे बाजूस ठेवल्याची ही पावती आहे. माहेश्वरच्या रुपयावर बेलपानाला जेवढी जागा होती, तेवढीही धारच्या पैशावर धारेला नाही. नावाला मान मिळाला तो तांब्याच्या पाठीवर. चांदी संपूर्णपणे राणीची राहिली.

परंतु दरबारच्या दृष्टीने जी हानी ती प्रजेच्याही दृष्टीने हानीच होती असे म्हणता येणार नाही. माळव्यात इंदूरचा हाली, प्रतापगडचा सालिमशाही, भोपाळचा, उज्जैनचा असे नाना रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा भाव दररोज वेगळा. सारा कोणत्या रुपयात भरावयाचा आणि कापूस कोणत्या रुपयात विकला गेला, यांतील फरक सराफाच्या पदरी पडे. कलदार आला आणि हा बट्टा हळूहळू आटला. अफूच्या व कापसाच्या व्यापारात वर्षाकाठी नागवला जाणारा शेतकरी, आपल्या राजाचे चिन्ह गेले म्हणून हळहळला असेल असे मानावयास आधार नाही. इतिहास शिकविताना ह्या दोन्ही बाजू एकाच नाण्याच्या आहेत हे विद्यार्थ्यांपुढे ठेवणे कठीण जाते खरे, पण येथे तर नाणेच हातात असते.

राणीच्या मुखाची खरी परीक्षा १८९३ मध्ये झाली. तोवर कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन थोड्या मजुरीत रुपये पाडून घेऊ शके, म्हणून रुपयाची किंमत म्हणजे त्यातील चांदीची किंमत, हे समीकरण पक्के होते. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. जो रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता तो १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगाच्या घरात आला. विलायतेस द्यावयाच्या रकमा सरकारला जड होऊ लागल्या, तेव्हा १८९३ च्या जूनमध्ये लोकांच्या चांदीसाठी टाकसाळी बंद झाल्या, आणि पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला गेला. त्या दिवसापासून चांदीचा तुकडा आणि चांदीचा रुपया यांत अंतर पडले. वजन तेच, कस तोच, तरी छाप असलेली चांदी छाप नसलेल्या चांदीहून महाग झाली. दुष्काळात दागिने मोडणाऱ्या कुणब्याला हे अंतर कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा लौकर कळले असले पाहिजे, कारण त्याच्या गोठतोड्यांचा भाव उतरला आणि भरावयाचा सारा मात्र रुपयांतच राहिला. ‘राणीछाप’ या शब्दातील छाप तेव्हा प्रथमच खरोखर मोलाची ठरली.

दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा चढली आणि चित्र उलटले. १९४० पासून नवे रुपये निम्म्या चांदीचे निघू लागले, आणि १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचा रुपया कायदेशीर चलनातून काढून घेण्यात आला. १९४७ चा रुपया निकेलचा झाला. १९४८ मध्ये धार व देवासच्या दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, आणि १९५० च्या रुपयावर राजाच्या मुखाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

चलनातून गेला तरी राणीछाप रुपया घरांतून गेला नाही. धार जिल्ह्यातील भिल्ल-भिलाला स्त्रियांच्या गळ्यात कडी लावलेल्या रुपयांच्या माळा असतात, आणि मराठी घरांतून लक्ष्मीपूजनाच्या तबकात तो अजून मांडला जातो. त्यामुळेच त्याच्या नकलाही मुबलक झाल्या आहेत. शाळेच्या संग्रहासाठी कोणी असे नाणे दिल्यास शिक्षकांनी प्रथम ते तोलून पाहावे. चलनात झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅमहून किंचित उणा भरेल, अधिक भरणार नाही. मग पदवी व साल यांचा मेळ पाहावा. ‘एम्प्रेस’ ही पदवी आणि १८७७ पूर्वीचे साल एकत्र आढळल्यास ते नाणे नकली समजावे. तसेच १८६३ ते १८७३ यांपैकी साल असलेला रुपया दाखविला तरी सावध व्हावे. आणि धारच्या किंवा देवासच्या नावाचे, राणीच्या मुखाचे चांदीचे नाणे म्हणून कोणी काही आणले, तर त्यावर मुलामा नाही ना हे कडेला पाहावे. पाव आण्याचे तांब्याचे नाणे १०० ग्रेनांचे, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमचे असते आणि आकाराने चांदीच्या अधेलीच्या जवळपास भरते. अधेलीचे वजन मात्र ९० ग्रेन.